घड्याळ लावून विचारलेला शब्द

आमचे हे म्हैसूरला जाऊन मानसशास्त्र शिकून आले आणि सोलापूरच्या ट्रेनिंग कॉलेजात, मास्तर होणाऱ्यांना ते शिकवू लागले. माणसाच्या मनातलं त्याला सरळ न विचारता ओळखायचं, असं ते शास्त्र, एवढं मला कळलं होतं.

नवा प्रयोग कॉलेजात करण्याआधी हे तो घरी माझ्यावर करून पाहत. मी चौथी शिकलेली, त्यामुळे मन कोरं सापडेल असं त्यांचं मत. शर्यतीत वापरतात तसलं एक घड्याळ त्यांच्याकडे होतं. हे एक शब्द म्हणत, आणि मनात पहिला येईल तो शब्द मी लगेच सांगायचा. पहिला सोडून दुसरा सांगितला तर ती लबाडी.

"पाणी."

"घागर."

"माहेर."

"मंद्रूप."

"नवरा."

मी जमिनीकडे पाहिलं. घड्याळ टिकटिकत राहिलं. यांनी पुन्हा विचारलं. मी पदर सारखा केला. यांनी घड्याळ बंद केलं आणि त्या दिवशी दुसरी पोळी न घेता पानावरून उठले.

पुढे थोड्याच दिवसांत कॉलेजचे प्रिन्सिपॉल निवृत्त व्हायचे होते आणि ती जागा यांना देऊ केली होती. राहायला गावाबाहेर, कॉलेजच्या आवारात बंगली. यांना त्या जागेची फार हौस होती. आरशापुढे उभं राहून पहिलं भाषणसुद्धा करून झालं होतं. आणि एका सकाळी हे सासूबाईंना म्हणाले, "उद्या नाही म्हणून कळवतो."

"का रे?"

"हिला माझ्याजवळ सुख नाही. त्यात आणखी माणसांपासून लांब नेऊन ठेवू?"

"ती म्हणाली?"

"म्हणाली नाही. परीक्षेत निघालं. नवरा म्हटलं की हिचं मन बंद होतं."

"चौथी झाली की तिची. आता कसली परीक्षा घेतोस?"

मी भाकरी थापत होते. सासूबाईंसमोर यांच्याशी मी कधी बोलत नसे. पण उद्या ती जागा जाणार होती, आणि तीही माझ्यापायी. मी परातीकडे बघत सासूबाईंना म्हटलं, "त्यांना सांगा, नवरा म्हटल्यावर पहिलं त्यांचं नावच आलं तोंडाशी. ते कसं घेणार? आणि दुसरं सांगायचं नाही, असं त्यांनीच बजावलं होतं."

सासूबाईंनी यांच्याकडे पाहिलं. "ऐकलंस? का घड्याळ लावून पुन्हा सांगायला लावू?"

"हे पुस्तकात नव्हतं," हे म्हणाले, आणि अंघोळीला गेले.

हे प्रिन्सिपॉल झाल्यावर आम्ही बंगलीत राहायला गेलो, तेव्हा शिपायाच्या बायकोनं दार अडवलं. "नाव घ्या की बाईसाहेब. त्याबिगर आत सोडायची न्हाय."

मी घेतलं. लाजत, पण एका दमात. मागे वळून पाहिलं तर प्रिन्सिपॉलसाहेब हातात घड्याळ धरून उभे होते. किती वेळ लागला ते त्यांनी सांगितलं नाही. त्या रात्री मात्र पोळ्या कमी पडल्या.