काळ्या यादीतले भाऊजी

माझ्या धाकट्या दिराला एका मोटार कंपनीने काळ्या यादीत टाकलं. त्याला, त्याच्या बायकोला, त्यांच्या पत्त्यावर राहणाऱ्या कुणालाही ती कंपनी आता गाडी विकणार नाही. आमच्या नातेवाइकांत ही गोष्ट 'कुणीतरी दुष्टावा केला' अशी सांगितली जाते. दुष्टावा मी केला. तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणते, अहो-जाहो करते. मनात मात्र त्या दिवसांपासून एकेरीवर आले, ती अजून वर चढलेली नाही.

आम्ही द्वारकेला राहतो, तो नोएडाला. आम्ही नवरा-बायको दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत होतो. मी दक्षता विभागात होते, म्हणजे लोकांविरुद्ध आलेल्या तक्रारी वाचायच्या, खरं-खोटं तपासायचं आणि फायलीवर कोरडं टिपण लिहायचं. निवृत्तीनंतर यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. आमची जुनी गाडी बुटकी. तिच्यात बसायचं म्हणजे पाटावर जेवायला बसल्यासारखं खाली जायचं, आणि उतरताना हे दाराची चौकट धरून डोळे मिटून घ्यायचे. फिजिओथेरपीला तर सारखंच जावं लागे. टॅक्सी बोलावली तर तीही तसलीच यायची.

मग एका शोरूममध्ये ती उंच गाडी पाहिली. यांनी दार उघडलं, कंबर नुसती वळवली आणि बसले. वाकावं लागलं नाही, कण्हावं लागलं नाही. आत बसून माझ्याकडे बघत म्हणाले, "यातून मी थेट नागपूरला जाईन बघ." ऑपरेशननंतर इतक्या मोकळ्या आवाजात ते पहिल्यांदाच बोलले होते. मी तिथल्या तिथे यांच्या नावावर बुकिंग केलं.

त्या गाडीला तेव्हा अशी मागणी होती की दिल्लीभर लोक नंबर लावून बसले होते. आमचं ऐकून दिरानेही बुकिंग केलं, पण काही महिन्यांनी. आमची पाळी आली, त्याच आठवड्यात रविवारी सकाळी तो मिठाईचा डबा घेऊन हजर झाला.

"दादा, एक मागायचंय," तो यांना म्हणाला. "आईचे गुडघे पार गेलेत रे. डॉक्टरकडे न्यायचं तर दोघांनी उचलून बसवावं लागतं. तुझी पाळी मला दे. माझा नंबर थोड्या महिन्यांत लागेलच, ती गाडी तुझ्या नावावर करून देतो. सख्ख्या भावाच्या नावावर बुकिंग बदलून देतात, मी विचारून आलोय."

सासूबाई त्याच्याकडे असतात, हे खरं. गुडघे गेलेत, हेही खरं.

मी म्हणाले, "भाऊजी, यांनाही आताच्या गाडीत बसता येत नाही हो."

"बिल्कुल कळतंय मला, वहिनी. पण दादा काढेल थोडे महिने. आईचं काय सांगावं?"

त्याला आपला भाऊ पुरता ठाऊक होता. आईचं नाव घेतल्यावर माझा नवरा नाही म्हणणार नाही, हे घरून निघतानाच त्याला माहीत असणार. हे म्हणाले, "घे." मी स्वयंपाकघरात गेले आणि त्याची मिठाई फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात सारून ठेवली.

नाव बदलायला आम्ही तिघं शोरूममध्ये गेलो. तिथल्या मुलीने त्याच्यापुढे हमीपत्र ठेवलं आणि समजावून सांगितलं, "सर, एक साल तक आप गाड़ी बेच नहीं सकते. बेची, तो कंपनी आपको और आपकी फॅमिलीको आगे गाड़ी नहीं देगी."

"अरे मॅडम, बेचनी किसको है? माँ के लिए ले रहे हैं," असं म्हणून त्याने सही ठोकली. मी शेजारी उभी होते.

गाडी घरी आली त्या दिवशी आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो आले. बॉनेटवर हार, चाकांखाली लिंबं, जाऊ नारळ फोडते आहे, मागे नंबरप्लेट लख्ख दिसते आहे. यांनी खाली लिहिलं, 'अभिनंदन, आईला जप.' मी तो फोटो किती वेळा उघडून बघितला असेन, सांगता येत नाही. चांगल्या मनाने बघत नव्हते, हेही सांगते.

दिवाळीच्या आधी मी सासूबाईंना फोन केला. "आई, आता बसायला-उतरायला बरं पडत असेल ना?"

"कशात गं?"

"नव्या गाडीत."

"ती कुठंय? मला टॅक्सीतूनच नेतात. पहिल्या दिवशी देवळापर्यंत बसले तेवढीच. तो म्हणतो, सर्व्हिसिंगला गेलीय."

"केव्हापासून?"

"नवरात्र बसलं नव्हतं तेव्हापासून."

फोन ठेवला. कुठलीही गाडी इतके दिवस सर्व्हिसिंगला राहत नाही, हे मला कळत होतं. पण नुसत्या संशयावर बोलायची मला सवय नाही. नोकरीतली खोड. यांना काही बोलले नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दिराचा फोन आला. "वहिनी, एक प्रॉब्लेम झालाय यार. कंपनीने नाव बदलून द्यायचं बंद केलं. माझं बुकिंग आता दादाच्या नावावर होत नाही. नियमच तसा झालाय, मी काय करणार?"

मी दुसऱ्या दिवशी एकटीच शोरूमला गेले. नियम खरंच बदलला होता. तीच मुलगी म्हणाली, "मॅम, लोग नाम बदल-बदलके बुकिंग बेच रहे थे. और गाड़ी लेते ही ऊपर पैसे लेके बेच देते थे. इसलिए बंद हो गया." आम्हाला गाडी हवी असेल तर पुन्हा रांगेच्या शेवटी उभं राहायचं. मी तिचे आभार मानले आणि मेट्रोने घरी आले. यांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "त्याचा तरी काय दोष?" आणि कमरेखाली उशी घेऊन आडवे झाले.

करोल बागेत मी भाच्यासाठी दिवाळीचा कुर्ता घ्यायला गेले होते. मोटारींचं सामान मिळतं त्या गल्लीतून चालत मेट्रोकडे येत होते, तर एका दुकानासमोर ती गाडी उभी. चारही दारं उघडी, आत सीट कव्हरं चढत होती. रंग तोच. मागे जाऊन नंबर पाहिला. तोही तोच.

शेजारी एक सरदारजी चहा पीत उभे होते. मी विचारलं, "भाईसाहब, आपकी है? हमें तो कब से मिल ही नहीं रही."

"वेटिंग में कभी नहीं मिलेगी, बहनजी," ते खुशीत म्हणाले. "मैंने तो नोएडा के एक साहब से ली. ऊपर से देना पड़ा, पर गाड़ी बिल्कुल नई. महीनाभर भी नहीं चलाई थी उन्होंने. कागज़ भी मेरे नाम हो गए."

माणूस फार चांगला होता. मला चहा विचारला. मी म्हणाले, "कव्हरं छान आहेत, आम्हालाही अशीच..." आणि मग भानावर येऊन हिंदीत विचारलं, की एक फोटो काढू का? त्यांनी स्वतः बाजूला सरून मला जागा करून दिली. मी आतून एक काढला, मागून एक काढला.

घरी येताना मेट्रोत मला बसायला जागा मिळाली होती, पण बसवेना. नवऱ्याच्या कमरेचं दुखणं याने बाजारात नेऊन विकलं होतं. आईचे गुडघेही विकले होते. घरी पोचेपर्यंत मी ठरवलं की आज काही करायचं नाही. आज तक्रार केली तर कंपनी त्याला एक पत्र पाठवेल आणि तो खांदे उडवेल. त्याचं काही जाणार नव्हतं. ज्याचं काही जाणार नाही त्याला शिक्षा कसली?

म्हणून मी थांबले. त्याचं दुसरं बुकिंग अजून जिवंत होतं. ते त्याने त्याच गाडीच्या सर्वात वरच्या मॉडेलवर नेलं होतं. छत उघडणारं, चामड्याच्या सीटचं. ग्रुपवर तो त्याचे व्हिडिओ टाकायचा. जुनीचं काय झालं असं एका आतेभावाने विचारलं, तर म्हणाला, "ती एक्स्चेंजमध्ये देतोय." मी अंगठा टाकला. भाजी निवडताना, सोसायटीत फेऱ्या मारताना मी मनातल्या मनात टिपण लिहीत होते, खोडत होते, पुन्हा लिहीत होते. त्या काळात मला झोप फार छान लागायची.

मग त्याचं आमंत्रण आलं. येत्या महिन्यात गाडी मिळतेय, आईच्या हस्ते पूजा, मग सगळ्यांना नोएडात जेवण. त्या संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला. तक्रारीत एकही विशेषण घातलं नाही. रागावलेल्या माणसाची तक्रार कुणी वाचत नाही, हे मी आयुष्यभर बघितलं होतं. अमुक व्यक्तीने हमीपत्र दिलं, अमुक गाडी घेतली, ती मुदतीआधी विकली, सोबत फोटो, त्याच व्यक्तीचं दुसरं बुकिंग याच कंपनीत आहे, कृपया तपासावं. खाली माझं नाव लिहिलं. निनावी तक्रार मला नोकरीतही कधी आवडली नाही.

आठ-दहा दिवसांनी ग्रुपवर दिराचा निरोप आला, की काही कारणाने जेवण रद्द. त्याच दुपारी तो आमच्या दारात उभा होता. या वेळी हात रिकामे.

"दादा, कुणीतरी कंपनीत तक्रार केली. बुकिंग रद्द केलं त्यांनी. मला, हिला, दोघांनाही बॅन केलं! माणूस आपली गाडी विकूही शकत नाही का? कुणी केलं ते कळलं ना, तर..."

"मी केली," मी म्हणाले. मी टेबल पुसत होते. पुसणं थांबवलं नाही.

तो माझ्याकडे बघत राहिला. हेही बघत राहिले.

"वहिनी, तुम्ही?"

"हो. करोल बागेत पाहिली तुमची गाडी. सीट कव्हरं छान बसवलीत त्यांनी."

"घरातल्या माणसाविरुद्ध? एका गाडीसाठी?"

"तुम्ही काय विकलंत, भाऊजी? गाडी तर यांची होती. आईचं नाव सांगून घेतलीत. आई अजून टॅक्सीत चढताहेत, आणि हे रोज खाली बसताना डोळे मिटतात. तुम्ही कधी बघितलंत?"

"दादा, ऐकतोयस ना?" तो यांच्याकडे वळला.

यांनी कमरेमागची उशी सरळ केली. मग म्हणाले, "गाडी विकलीस, हे खरं?"

"अरे, चांगला भाव येत होता, यार. मला वाटलं, दुसरी येतेच आहे..."

"म्हणजे खरं," हे म्हणाले, आणि भिंतीला धरून उठत आतल्या खोलीत गेले. दार लावून घेतलं. दिराने चपला घातल्या. मी चहाचं विचारलं नाही.

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला तो क्षण मी नीट, डोळे भरून पाहिला. लोक म्हणतात, सूड घेतल्यावर पोकळ वाटतं. मला मुळीच वाटलं नाही. मी नीट जेवले.

यांचं मात्र वेगळं होतं. रात्री त्यांनी विचारलं, "तुला केव्हापासून माहीत होतं?"

"दिवाळीपासून."

"आणि मला बोलली नाहीस."

"बोलले असते तर तुम्ही करू दिलं नसतं."

"नसतंच दिलं," ते म्हणाले, आणि पुढे बरेच दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं राहिलं. मग एकदा फिजिओथेरपीला निघालो असता, त्या बुटक्या गाडीत कसेबसे बसल्यावर, पट्टा लावता लावता म्हणाले, "तू 'मी केली' म्हणालीस तेव्हा त्याचं तोंड कसं झालं होतं गं!" आणि हसायला लागले. कमरेत कळ आली तरी हसत राहिले. मीही हसले. पुढच्या चौकात सिग्नल हिरवा झाला तरी आमचं हसणं थांबेना, मागचे हॉर्न वाजवत होते.

एकच गोष्ट मला टोचली. जावेचा फोन आला. ती शाळेत शिकवते, साधी बाई. "ताई, यांनी विकली ते मला विकल्यावर कळलं. मग माझ्या नावावर बंदी कशाला? मी काय केलं होतं?"

मी म्हणाले, "नियम पत्त्याला लागतो गं." हे बोलतानाच मला जाणवलं, की 'नियमच तसा आहे' हे मला तिच्या नवऱ्यानेही ऐकवलं होतं. ती म्हणाली, "जाऊ दे. बरंच झालं एका परीने," आणि फोन ठेवला. तिला काय म्हणायचं होतं, ते मला नंतर कळलं.

आम्ही दुसऱ्या कंपनीची गाडी घेतली. कुणाला नको असलेल्या मातकट रंगाची, म्हणून लगेच मिळाली. पुरेशी उंच आहे. सासूबाई आता वर्षातले काही महिने आमच्याकडे असतात. पहिल्यांदा त्या गाडीत बसल्या तेव्हा मी म्हटलं, "आई, रंग काही बरा नाही." त्या म्हणाल्या, "मला आतून कुठे दिसतोय?"

यंदा गणपतीला दीर-जाऊ द्वारकेला आले. जावेने स्वतःच्या पगारातून एक लहानशी जुनी गाडी घेतली आहे आणि ती स्वतःच चालवते. त्याला चावी देत नाही. मी गॅलरीत उभी होते. तिने गाडी एका झटक्यात पार्किंगमध्ये घातली, आणि डाव्या बाजूने तो उतरला, मांडीवरची फुलांची पिशवी सांभाळत. त्याने वर पाहिलं.

"या, भाऊजी," मी वरून म्हणाले. "प्रवास नीट झाला ना?"

"हो, वहिनी," तो म्हणाला, आणि मान खाली घालून जिन्याकडे वळला. मी आत जाऊन आरतीचं ताट घेतलं. मन इतकं प्रसन्न होतं, की यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणाले, "काही नाही, पाहुणे आले."