झिजलेल्या रेषा

माझं मृत्युपत्र नोंदवायला मी नोंदणी कार्यालयात गेले होते. माझ्यापुढे एक भाऊ बहिणीला घेऊन आला होता. वडिलांच्या घरातला आपला हिस्सा ती हक्कसोडपत्र करून त्याच्या नावे करत होती. तिच्या मांडीवरच्या पिशवीत नवी साडी होती. या सहीच्या दिवशी बहिणीला साडी घ्यायची, अशी आमच्याकडे रीतच आहे.

तिचा अंगठा यंत्रावर उठेना. "मावशी, रेषा झिजल्यात तुमच्या," कारकून म्हणाला.

"आमचे वडील, अण्णा, तीन वर्षं माझ्याकडंच अंथरुणाला खिळून होते," ती ओशाळून म्हणाली. "धुणं काय थोडं असायचं?"

भावाने रुमाल काढून तिचा अंगठा हळुवार पुसला, वर फुंकर घातली. ती कौतुकाने त्याच्याकडे बघत राहिली. त्या कचेरीत नाही म्हणणारं एवढं एक यंत्रच होतं.

मृत्युपत्राचा विषय काढला की माझे वडील म्हणायचे, "अभद्र बोलू नकोस. आपल्यात काय भांडणं आहेत?" खरंच नव्हती. भांडण नसलेल्या घरात एक कुणीतरी गप्प बसलेलं असतं. मलाही मोरपंखी साडी मिळाली. तिची घडी मी अजून मोडलेली नाही.

चौथ्या खेपेला अंगठा उठला. बाहेर पडताना तिने विचारलं, "जाता जाता घर बघून जाऊ का रे?"

"आता कशाला?" रुमाल खिशात कोंबत तो म्हणाला. "एसटी चुकेल तुझी."