मीठकाकांची शंभरी

मीठकाका मिठागरातलं पाणी बोटाने जिभेला लावत आणि मीठ किती दिवसांत धरेल ते सांगत. सहसा चुकत नसत. स्वतःचं वय मात्र त्यांना कधी सांगता आलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणत, "मना काय ठाऊक? तुमालाच मोजायची घाई हाय."

ते माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील सत्तावन्नाव्या वर्षी गेले. आदल्या आठवड्यात त्यांनी फोनवर छातीत जळजळतं म्हणून सांगितलं होतं. मी म्हणालो, "गॅस असेल." ते वाक्य अजून माझ्या पोटात आहे. म्हणूनच असेल, काकांना शंभर वर्षं जगवायचंच, असं मी ठरवून टाकलं.

तुळिंजच्या फ्लॅटमध्ये बसून मी दीर्घायुष्याचे व्हिडिओ बघायचो आणि दर रविवारी प्रेशरचं मशीन घेऊन गावी जायचो. दंडाला पट्टा बांधला की काका माझ्या चुलतभावाच्या बायकोला, वहिनीला, हाक मारत, "सूनबाय, फौजदार आला गो!" मी आणलेले बदाम ते निमूटपणे घेत आणि कोंबड्यांना घालत.

एकदा डॉक्टर म्हणाले, "मीठ जरा बेताने." त्या 'बेताने'चं 'बंद' मी केलं. वहिनीला बजावलं: भाजीत मीठ नाही, सुकट नाही, लोणचं नाही. काकांनी ताट पुढे ओढलं. "जनमभर मीठ पिकवलं, आनि आता अलनी पेज?" पण जेवले. माझं मन त्यांनी कधी मोडलं नाही.

भर उन्हाळ्यात ते बरळायला लागले. मला वडिलांच्या नावाने हाका मारू लागले. दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, रक्तातलं मीठ फार उतरलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, "मीठ कोणी बंद केलं?" वहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "त्यांनी स्वतःच सोडलं."

दोन दिवसांनी काका शुद्धीवर आले. डॉक्टरांनी त्यांनाही तेच विचारलं. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "मीच सोरलं. नवस व्हता." डॉक्टर हसले. मला वर बघवेना.

घरी आणल्यावर मी त्यांचे पाय धरले. ते म्हणाले, "अरे, तू मना कुठं जगवीत व्हतास? तू तुज्या बापसाला जगवीत व्हतास. तो गेला. आता मना जेवू दे."

त्यानंतर काका दीड वर्ष जगले. शंभरी फार लांब राहिली. त्या दीड वर्षात रविवारी मी मशीन न घेता जायचो. वहिनी दोन ताटं वाढायची, आणि काका सुकटीतला मोठा वाटा माझ्या ताटात सरकवून म्हणायचे, "खा रं, वाललास किती!" त्याआधी इतक्या वर्षांत मी त्यांच्या पंगतीला कधी बसलोच नव्हतो.