चढावर आप्पा

चिखलातून मोटरसायकल बाहेर कशी काढायची, याचं मी रीतसर प्रशिक्षण घेतलेलं आहे. चिखलात ती मीच घातली होती.

आमचा झेंडूचा मळा मांडवगण फराट्याला, ओढ्यापलीकडे. सकाळी फुलांचे क्रेट ओढा ओलांडून टेम्पोपाशी पोचवावे लागतात. नवरा कंपनीत पाळीला. घरात मोटरसायकल एकच, आणि तिची चावी थोरल्या दिरांच्या, म्हणजे आप्पांच्या खिशात. डांबरीवर मी गाडी बरी चालवते. पण एकदा क्रेटसकट ओढ्यात आडवी झाले, तेव्हापासून चावी मिळेना आणि फुलं डोक्यावर.

आप्पा माझ्याशी थेट बोलत नाहीत. थोरला दीर आणि धाकटी भावजय यांच्या मध्ये आमच्याकडे कुणीतरी लागतं. कुणी नसलं तर म्हैस चालते.

"म्हणावं, आधी नीट शिका," आप्पा म्हशीला म्हणाले. "मंग चावी मागा."

मी दौंडजवळच्या माळावरच्या वर्गात नाव घातलं. तिथे दगडधोंड्यांत, चढउतारावर गाडी चालवायला शिकवतात. बाकी सगळी पुण्याची पोरं, लडाखला निघालेली.

"काकू, तुम्ही कुठं जाणार?"

"ओढ्यापलीकडं."

शिकवणारे सरही पुण्याचेच, माझ्या मुलाच्या वयाचे. "मॅडम, उभं राहून चालवायचं. नजर लांब. काही झालं तरी हँडलवरचा हात सोडायचा नाही. साप आला तरी."

मी ते पाठ केलं. डोक्याला हेल्मेट, गुडघ्याला पॅड, अंगात मुलाची ट्रॅकपँट. (घरून निघताना तिच्यावरून साडी नेसले होते. ती आता माळावरच्या बाभळीवर वाळत घातल्यासारखी लटकत होती.)

शेवटच्या दिवशी परीक्षेचा चढ होता. मुरमाड, उभा. पायथ्याशी पाणी सोडून चिखलाचा खड्डा केलेला, पण तो धडा जेवणानंतरचा. मी पहिल्या गिअरवर निघाले. अर्धा चढ झाला. खालून पोरं ओरडली, "काकू, भारी!" मला चेव आला. नजर आणखी लांब टाकली, तर माथ्यावर पांढरं धोतर, पांढरी टोपी. आप्पा. चावी द्यायची की नाही ते स्वतः बघायला आलेले. शेजारी माझा नवरा, तोंड पाडून.

माझा उजवा हात सुटला आणि डोक्यावर पदर घ्यायला गेला.

पदर बाभळीवर होता. मी हेल्मेट चाचपत राहिले. उजव्या हाताला अ‍ॅक्सिलरेटर असतो, तो सुटल्यावर इंजिन बंद पडलं, गाडी उलटी घसरली आणि आम्ही दोघी खड्ड्यात. जेवणानंतरचा धडा मी जेवणाआधीच सुरू केला होता.

सर धावत आले. "मॅडम, हात का सोडला? साप होता का?"

"दीर होते."

(पुण्याच्या माणसाला पुढचं काय समजावणार?)

तोवर आप्पा खाली उतरले. मी ट्रॅकपँटमध्ये, कानापर्यंत चिखल, आणि पोरांच्या हातात मोबाइल. शरमेनं मी हेल्मेटची काच खाली ओढली. तेवढाच आडपडदा. आप्पांनी पाठ फिरवली आणि ते सरांना म्हणाले, "त्यांना इचारा, लागलं का?"

"मॅडम, लागलं का?"

"न्हाई म्हणावं."

"नाही म्हणतायत."

"मंग पुन्यांदा चढा म्हणावं. म्या आडाला हुबा ऱ्हातो."

आणि आप्पा बाभळीमागे, माझ्याच साडीच्या आड जाऊन उभे राहिले. मी चढ चढले.

घरी आल्यावर त्यांनी चावी गोठ्यातल्या खुंटीला अडकवली. "म्हणावं, न्या. पन म्या दिसलो तर हात जाग्यावर," म्हशीला ताकीद मिळाली.

आता गाडीचा आवाज आला की आप्पा भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. गावाला वाटतं, ते माझ्यावर रुसलेत. परवा म्हशीला पाणी पाजायला ते ओढ्यावर आले होते. तिथे भिंत नाही, म्हणून बिचाऱ्यांनी नुसती पाठ केली. पण पाठ झाली तरी ती आप्पांची. माझा हात गेला.

सगळा झेंडू पाण्यावर तरंगत होता. आप्पांनी इकडेतिकडे पाहिलं, पण मध्ये बोलायला माणूस नव्हतं.

"लागलं का?" त्यांनी म्हशीला विचारलं.

"न्हाई म्हणावं," मी ओढ्यात बसून म्हशीला सांगितलं.