पोटभर उतार

आता ऐकाच. हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, मधे हसलात तर मी पुढचं सांगणार नाही. आणि एक गोष्ट आधीच बजावून ठेवतो, ते कोर्ट मी सपाट करणार नाही. कोणाच्या सांगण्यावरून नाही. तुमच्याही नाही!

सोनाळ्याला आमचं घर सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. घरामागचा तुकडा डोंगराला टेकलेला. त्यात दरवर्षी बीटी कापूस. बियाण्याच्या पाकिटावर बोंड असं, जणू नारळ! आमच्या झाडाला लागायचं लिंबाएवढं, आणि फोडलं की आत गुलाबी अळी आरामात बसलेली. फवारून फवारून माझे डोळे लाल झाले. अळीला साधी शिंकसुद्धा आली नाही.

एका हंगामाला डोकंच फिरलं. म्हटलं, बस्स! या तुकड्यात आता कापूस नाही. इथं टर्फ. ते प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरतात, चारी बाजूंनी जाळी लावतात आणि आत क्रिकेट खेळतात ना, ते. खामगावला माझ्या साळ्यानं, सुधीरनं दाखवलं होतं. तेव्हापासून डोक्यात बसलेलं.

बाबांनी ऐकलं आणि पान लावता लावता थांबले. "वावरात गवत उगवलं का आपण उपटून फेकतो. अन् तू बाजारातून गवत आणून लावून राह्यला? तेबी प्लास्टिकचं?"

"हाव. त्याले अळी लागत नाही."

"त्याले बोंडबी लागत नाही, लेका!"

झालं! आता तर टर्फ करणारच.

टर्फवाला अकोल्याचा. जमीन आपण तयार करून ठेवायची, त्याची माणसं येऊन गवत अंथरणार. आमच्याकडे फोनला रेंज हवी तर गच्चीवर टाकीला धरून उभं राहावं लागतं. वर डोंगराचा वारा असा, की बोललेले निम्मे शब्द घेऊन जातो.

"उतार ठेवा बरं का! पाणी साचलं नाही पाहिजे!"

"किती ठेवू?"

"पोटभर!"

"पोटभर?"

"हो हो! तेवढाच! जास्त नको!"

आता मला सांगा, यात माझं काय चुकलं? मी खालच्या टोकाला उभा राहिलो, पोटाशी दोरी धरली आणि वरचं टोक तिच्या बरोबरीनं ठेवलं. डोंगरानं अर्धं काम आधीच करून ठेवलेलं. जेसीबीवाला तर चहा पिऊन लगेच मोकळा झाला.

बायको, वंदना, मागच्या दारातून बघत होती. "अहो, हे खेळाचं कोर्ट हाय का घसरगुंडी?"

"टेक्निकल गोष्ट हाय. तुले नाही समजणार."

अंथरणारी माणसं आली. एकानं तोंड उघडलं, "भाऊ, उतार जरा..." मी म्हटलं, "तुमच्या शेठनंच सांगितला. अंथरा!" अंथरलं बिचाऱ्यांनी.

मग जाळीचे खांब लावायला आमचे वेल्डिंगवाले सलीमभाई. त्यांनी वर एक पाइप ठेवला, तो गडगडत थेट खालच्या जाळीत. सलीमभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सलीमभाईंकडे.

"हवा हाय आज," मी म्हटलं.

"बहुत हवा हाय, भाऊ," सलीमभाई म्हणाले. झाडाचं पान हलत नव्हतं!

उद्घाटनाची मॅच सुधीरच्या खामगावच्या टीमशी ठरली. गाव झाडून हजर. आणि ऐन सकाळी मी गच्चीवर असताना अकोल्याचा फोन, वाराही पडलेला. "शुभेच्छा, भाऊ! उतार सांगितला तसा बोटभरच ठेवला ना?"

"काय भर?"

"बोटभर! हाताचं बोट!"

मी बोटाकडे पाहिलं. मग पोटाकडे पाहिलं.

"बोटभरच हाय," म्हटलं आणि फोन कापला. काय करणार होतो? खाली गाव बसलेलं, बाबा अंपायर म्हणून खुर्ची टाकून बसलेले. छाती काढून गेलो.

सुधीर जाळीपाशी मान तिरकी करून उभा. "भाऊजी, हे काऊन वाकडं दिसून राह्यलं?"

"तू वाकडा उभा हाय. डोंगराकडचं टर्फ असंच असते. इथली पद्धत हाय."

टॉस त्यानं जिंकला आणि वरच्या बाजूनं बॅटिंग घेतली. पुढचं विचारू नका. नुसती बॅट लावली की चौका! आमचा बॉलर खालून चढावर बॉल टाकायचा, तो दमून अर्ध्यातच थांबायचा आणि मालकाकडे परत यायचा. तरी मी मनात म्हटलं, थांब लेका, आता आम्ही वरून खेळू.

"असं कसं, भाऊजी? आता एंड बदलते. क्रिकेट हाय हे."

बाबांनी मान हलवली. गेलो खाली. पहिलाच बॉल, डोळे मिटून असा हाणला! बॉलरच्या बाजूनं सर्र करत बॉल वर, वर, वर. टाळ्या! मी डोंगराकडे पाठ करून गावाला बॅट उंचावून दाखवली, वंदनाकडेही एकदा पाहून घेतलं.

बॉल जाळीच्या जरा अलीकडे थांबला. क्षणभर विचार केला. आणि वळला.

सुधीर वाटेतच होता. अडवायचं सोडून तो बाजूला झाला आणि पाहुण्याला द्यावी तशी हातानं वाट दिली. गाव ओरडत होतं, "मांगं पाह्य! मांगं पाह्य!" मी समजलो, कौतुक चाललंय. बॅट आणखी उंच केली.

टक्! मधला दांडा आडवा.

"आउट!" बाबा खुर्चीतून उठलेसुद्धा.

"आउट कसा? बॉलरनं टाकलेला बॉल मी मारला! परत आला तो डोंगरानं टाकला!"

स्कोअर लिहिणारा गोंधळला. "बाबा, विकेट कोणाच्या नावावर लिहू?"

बाबा शांतपणे म्हणाले, "याच्याच लिह्य. बॅट्समनबी हाच अन् बॉलरबी हाच."

गाव अजून हसतंय. हसू द्या! कोर्ट तसंच आहे, तसंच राहील. दर रविवारी मॅच असते, आणि बाहेरच्यांसाठी आता नियम पक्का केलाय, टॉस जिंकेल तो बॅटिंगही वरून करेल आणि बॉलिंगही वरूनच. ग्राउंड माझं, नियम माझा!

फक्त टॉस तेवढा मी अजून एकदाही जिंकलेलो नाही.