पबमधला दादरा

"सुधामावशी, बाबा इज गॉन..." रेवा फोनवर एवढंच बोलू शकली. माझा मित्र मुकुंद गेला. त्याला आता पाच आठवडे झाले, पण त्याची आठवण काढायला बसलं की मला शिकागोतला तो एक रविवार दिसतो आणि चक्क हसू फुटतं! इलाज नाही.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. आम्ही दोघं एकाच युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करत होतो. मुकुंद नागपूरचा, तबल्यात मुरलेला. पण येताना तबला आणता आला नाही आणि दीड वर्षात त्याची बोटं गप्प झाली, मग जेवण तुटलं, मग बोलणंही आटलं. शेवटी म्हणाला, "मी परत जातोय. रिसर्च गेला खड्ड्यात. बॅग घ्यायला तरी चल, यार." समजावून समजावून माझं तोंड दुखलं होतं. डेव्हन ॲव्हेन्यूच्या देशी बाजारात निघालो, तर बदलायची बस येईना आणि थंडीनं नाक गळून पडायची वेळ आली. समोर एक चिंचोळा आयरिश पब होता. आमच्या दोघांच्या सात पिढ्यांत कुणी असल्या जागी पाऊल टाकलं नसेल! "पाच मिनिटं ऊब घेऊ," मी म्हणाले.

आत गुडघ्याला गुडघा लागेल एवढीच जागा, आणि कोपऱ्यातल्या टेबलाभोवती बसून चौघंजण फिडल, बासरी, ॲकॉर्डियन असं जीव तोडून वाजवत होते. मुकुंद दारातच थबकला. "अगं, हा तर दादरा! मोज, सहा मात्रा!" म्हणत तो थेट पुढे गेला, बर्फातले बूट काढले आणि त्यांच्यातल्याच एका रिकाम्या खुर्चीत मांडी घालून बसला. आपल्याकडे जाणकार पुढेच बसतो ना! ती खुर्ची फक्त वाजवणाऱ्यांची, हे आम्हाला कुठे ठाऊक? धून संपल्यावर म्हाताऱ्या फिडलवाल्यानं त्याच्या मोज्यांकडे बघत विचारलं, "सो, व्हॉट डू यू प्ले?" मी मेल्याहून मेली झाले. मुकुंदनं समोरच्या टेबलावर नुसती बोटं टेकवली.

आणि मग असा सुटला, की काय सांगू! धून संपतेय असं वाटून त्यानं रंगात येऊन झोकात तिहाई घेतली, समेवर हात उंच केला... आणि ही मंडळी पुन्हा पहिल्यापासून सुरू! त्यांच्यात एकच धून तीनदा वाजवायची रीत. अख्खा पब हसला. मुकुंदचे कान लाल झाले, वाटलं आता उठतो. पण म्हातारा ओरडला, "कीप गोइंग!" तिसऱ्या फेरीच्या शेवटी त्यानं पाय उचलून संपवायची खूण केली, मुकुंदनं पुन्हा तिहाई घेतली आणि पाचही जण एकदम समेवर आले. काय तो कल्ला! मी कोकची बाटली हातात घेऊन बाकावर उभी राहून ओरडत होते, हे माझ्या मुलांना अजून खरं वाटत नाही.

बाहेर पडलो तोवर बॅगचं दुकान बंद झालं होतं. "पुढच्या रविवारी घेऊ," मुकुंद म्हणाला. पुढच्या रविवारी तो पबमध्ये होता. त्याच्या पुढच्याही. मग नागपूरहून तबला आला, पीएच.डी. झाली, लग्न झालं, रेवा झाली. मी न्यू जर्सीला आले, तरी दर सोमवारी फोनवर आदल्या दिवसाचा साग्रसंगीत वृत्तांत यायचाच.

मागच्या आठवड्यात शिकागोला गेले. तबला पबमध्येच होता. तो घरी आणायला रेवा मला घेऊन गेली. बारमागच्या बाईनं फडताळ उघडलं. तबला-डग्गा जाड टॉवेलात गुंडाळून ठेवलेले. "हीटरजवळ ठेवू देत नाही तो," ती इंग्रजीत म्हणाली. ठेवू द्यायचा नाही असं नव्हे... देत नाही. रेवानं टॉवेल थोडा बाजूला केला, शाईवरून बोट फिरवलं आणि पुन्हा नीट गुंडाळला. एरवी इंग्लिशमध्येच बोलणारी ती पोर मराठीत म्हणाली, "मावशी, इथेच राहू दे."