समोरच्या डब्यातली जाळी

शिकागोतल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या ज्या किराणा दुकानात मी डाळ-तांदळाची पोती उतरवायचो, तिथे दर शनिवारी एक मराठी काका यायचे. वय पन्नाशीचं, एका कंपनीत ड्राफ्ट्समनची नोकरी, आणि गाडी मात्र दोन सीटांची, लाल, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट आहे. गाडी कोपऱ्यावर वळली की मला आत गोदामात कळायचं, कारण तिच्या एक्झॉस्टचा, म्हणजे धुराच्या नळीचा, मधला जोड फुटला होता. तीन शनिवार मी गप्प राहिलो. आपण कोण सांगणारे, असं वाटायचं. चौथ्या शनिवारी त्यांच्या डिकीत तांदूळ ठेवताना सांगून टाकलं.

"तुला कसं रे कळलं?"

"आवाजावरून. सांगलीला हेच करत होतो, काका."

सातवीनंतर मी शाळा सोडली आणि एका गॅरेजात उस्तादाच्या हाताखाली लागलो. नऊ वर्षं सायलेन्सर कापले आणि जोडले. मग थोरल्या बहिणीने, आक्काने, मला अमेरिकेत आणण्यासाठी केलेला अर्ज मंजूर झाला आणि मी शिकागोला तिच्या आणि दाजींच्या घरी आलो. दोघांनी कधी शब्दाने दुखवलं नाही. त्यामुळेच असेल, जेवताना दुसरी पोळी घ्यायची की नाही याचा मी विचार करत बसायचो. गॅरेजांमध्ये काम मागून पाहिलं होतं. फॉर्म द्यायचे, त्यात शाळेचा रकाना असायचा, आणि तिथे माझं पेन थांबायचं. इंग्रजी थोडं कळायचं, बोलता येत नसे.

काकांनी हे सगळं दुकानाच्या दारातच काढून घेतलं. ते म्हणाले, "मी ज्या गॅरेजात गाडी दाखवतो, त्याचा मालक ग्रीक आहे. त्याचा वेल्डर गेलाय सोडून. तू माझं एक्झॉस्ट माझ्या घरी करून दे, मी तीच गाडी त्याच्या लिफ्टवर चढवतो, खालून त्याला तुझं काम दिसेल. सर्टिफिकेट काय करायचंय? आणि जोड करतोच आहेस तर आवाजाचं पण बघ जरा. गाडी दिसते वाघासारखी आणि बोलते शेळीसारखी."

म्हणजे त्या गाडीवर माझी नोकरी होती. तेव्हापासून मला नीट झोप नव्हती.

पुढच्या शनिवारी सकाळी त्यांच्या घरामागच्या गॅरेजात काम सुरू केलं. काकांनी गॅस वेल्डिंगचा सेट भाड्याने आणला होता. गाडी लोखंडी घोड्यांवर, म्हणजे तिवयांवर, चढवली. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे एकही नट सरळ निघत नव्हता. तापवून लाल करायचा, मग पाना लावायचा. पेट्रोलच्या टाकीजवळचे नट मात्र तापवायचे नाहीत, ते हातानेच. काका माझ्याशेजारी पाठीवर आडवे होऊन उजेडासाठी बॅटरी धरत होते.

काकू दारात येऊन म्हणाल्या, "या वयात लोक देवाच्या पाया पडतात. हे गाडीच्या पडतात."

"अगं, खाली येऊन बघ, दर्शन चांगलं आहे."

"नको. पोहे गार होतायत. त्या मुलाला तरी सोडा."

दुपारपर्यंत सगळी नळी काढून फरशीवर ठेवली. फुटलेला जोड केला. मागचा सायलेन्सर सडला होता, त्याच्या जागी काकांनी आणलेला नवा, आरपार नळीचा बसवला. तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण नळीला इंजिनाकडच्या बाजूला आणखी एक डबा होता, चपटा, वजनदार. मी तसा डबा कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, हा दुसरा सायलेन्सर, आवाज हाच खातोय.

सांगलीला गिऱ्हाईक आवाज वाढवून मागायचं आणि चौकात हवालदार वाकून बघायचा. म्हणून उस्तादाची रीत अशी होती की डबा वरच्या अंगाने, गाडीच्या पोटाकडे येणाऱ्या बाजूने कापायचा. आतली जाळी काढायची. मग वेल्डिंगचा टाका असा घालायचा आणि घासून त्यावर काजळी अशी फिरवायची, की डबा उघडला होता हे बनवणाऱ्यालाही कळू नये. आमच्या गॅरेजचं नाव याच कामासाठी होतं. मीही तेच केलं. डबा वरून कापला. आत राखाडी रंगाची, मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची जाळी निघाली, चिनी मातीसारखी ठिसूळ. सळईने ठोकून सगळी काढली, कचऱ्याच्या डब्यात ओतली आणि टाका घातला. आयुष्यातला माझा सगळ्यात स्वच्छ टाका तो. काका तेव्हा जेवायला आत गेले होते. नंतर त्यांनी डबा फिरवून पाहिला, त्यांना काही दिसलं नाही, आणि मला मनातून बरं वाटलं.

रविवारी दुपारी गाडी सुरू केली. आवाज खर्जातला, भरीव. काकांनी तीनदा गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली.

त्यांची मुलगी कॉलेजातून शनिवार-रविवार घरी आली होती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. मराठी कळायचं, उत्तर इंग्रजीत. ती काहीतरी टाकायला कचऱ्याच्या डब्याशी गेली आणि त्या राखाडी तुकड्यांतला एक हातात घेऊन माझ्याकडे आली. काका तेव्हा चौथ्या फेरीला गेले होते.

"डू यू नो व्हॉट धिस इज?"

मी नाही म्हणून मान हलवली. मग तिने अडखळत मराठीत सांगितलं. हे आवाजासाठी नसतं. धुरातलं विष इथे जळतं. हे काढणं कायद्याने गुन्हा आहे. आता गाड्यांच्या धुराची टेस्ट असते, तिथे ही गाडी नापास होणार. आणि असं काम करणारा माणूस गॅरेजात सापडला तर गॅरेजवाल्याचं लायसन्स जाऊ शकतं.

"बाबांना माहीत आहे?"

"नाही."

"आय वोन्ट टेल हिम," ती म्हणाली. "यू टेल हिम." आणि तुकडा परत टाकून आत गेली.

मी सांगितलं नाही. फेरी संपवून काका आले, तेव्हा नाही. बुधवारी ते मुद्दाम वाट वाकडी करून दुकानासमोरून गेले, खिडकीची काच खाली घेऊन मला म्हणाले, "ऐकलंस का? सिग्नलला एक पोरगा वळून बघत होता, यार," आणि पुढे गेले, तेव्हाही नाही. गुरुवारी आक्काने विचारलं, "पोट बिघडलंय का तुझं?" मी हो म्हणालो. हिशोब सरळ होता. टाका कुणाला दिसणार नव्हता. टेस्ट अजून काही महिने लांब होती, आणि तोवर मी त्या गॅरेजात जुना झालो असतो.

शनिवारी आम्ही गेलो. ग्रीक मालक ठेंगणा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्याने गाडी लिफ्टवर चढवली आणि खालून चालत गेला. मी केलेल्या प्रत्येक जोडावरून त्याने बोट फिरवलं. समोरच्या, इंजिनाकडच्या डब्यापाशी आला, त्यावरूनही फिरवलं, आणि पुढे गेला. मग काकांना काहीतरी म्हणाला. काका माझ्याकडे वळले, चेहरा फुललेला.

"म्हणतोय, असे हात त्याने बऱ्याच दिवसांत पाहिले नाहीत. सोमवारपासून ये म्हणतोय."

मी मालकाकडे पाहिलं. तो हात पुसत होता. त्याच्या मागे भिंतीवर काचेच्या चौकटीत एक कागद होता. तो कशाचा होता हे मी कधीच वाचलं नाही, पण त्या क्षणी मला तो लायसन्सचाच वाटला.

"काका, त्याला एक सांगायचंय."

"सांग की."

"समोरचा डबा मी आतून रिकामा केलाय. ते काढायचं नसतं, गुन्हा असतो, हे मला नंतर कळलं. तेवढं सांगा त्याला."

काकांनी लिफ्टवरच्या गाडीकडे बघितलं. मला वाटलं, ते भलतंच काहीतरी सांगून वेळ मारून नेतील, आणि मला कळणारही नाही. पण त्यांनी सांगितलं. त्यांचं बोलणं लहान होतं, माझ्या बोलण्याएवढंच. मालकाने हातोडीच्या दांड्याने डब्यावर टकटक केली, ऐकलं, आणि बोटाने वरच्या बाजूला टाका शोधला. सापडायला वेळ लागला. मग त्याने काकांना एक प्रश्न विचारला.

"तो विचारतोय, त्याच्याकडे काही चुकलं तर तिथेही असंच सांगशील का?"

मी हो म्हणालो. हे मालकाला भाषांतराशिवाय कळलं.

सोमवारी त्याने मला घेतलं. पहिला महिना हातात वेल्डिंगची टॉर्च दिली नाही. झाडलोट आणि टायर. टॉर्च दिली तेव्हा पहिलं काम काकांच्याच गाडीचं, नवा डबा बसवायचं. तिथे मी अकरा वर्षं होतो. आज जे काही आहे ते काकांमुळे, हे मी कुणालाही सांगतो.

पण त्या शनिवारी परत येताना गाडी तिच्या नव्या आवाजात चालली होती आणि काका गिअर अगदी हलके टाकत होते, जणू कुणी ऐकू नये. आक्काच्या घरासमोर गाडी थांबवून ते म्हणाले, "मला घरी सांगायला हवं होतंस. त्याच्यासमोर माझ्या तोंडून वदवलंस."

"चुकलं, काका."

ते खरंच चुकलं होतं. मात्र एक गोष्ट मी तेव्हा बोललो नाही आणि नंतरही नाही. घरी सांगितलं असतं तर त्यांनी त्या शनिवारी मला तिथे नेलंच नसतं. आधी डबा नीट करू, मग बघू, म्हणाले असते, आणि तोवर त्या ग्रीक माणसाला दुसरा कुणीतरी मिळाला असता. हे मला लिफ्टखाली उभं राहून सुचलं नव्हतं. ते मला, त्यांच्या मुलीने सांगितलं त्या रविवारपासून माहीत होतं.